लिंकनच्या बिशपांचा पडका वाडा

पडकी वास्तु दृष्टीस पडली म्हणजे पाहणाऱ्याच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो असा कीं, ही कोणी पाडली? शाळेंत इतिहास शिकवीत असतां मुलांनीं हा प्रश्न मला अनेक वेळां विचारलेला आहे. उत्तरादाखल एखाद्या सेनापतीचें नांव व एखादें साल मिळालें कीं त्यांचें समाधान होत असे. परंतु वास्तूचें मरण पुष्कळदां माणसाच्या मरणासारखेंच असतें. शेवटचा घाव कोणाचा, हें सांगणें सोपें. रोग केव्हां जडला, हें सांगणें कठीण. आज मी आपणांपुढें इंग्लंडांतील ज्या वास्तूची हकीकत ठेवणार आहें, तिच्या बाबतींत शेवटचा घाव सर्वांस ठाऊक आहे. पण माझा शोध आहे तो रोगाचा.

इंग्लंडच्या पूर्व भागांत लिंकन नांवाचें एक प्राचीन शहर आहे. विथम नदीच्या कांठापासून चुनखडीच्या दगडाची एक टेकडी एकदम वर चढत जाते. चढ असा कीं तेथील एका रस्त्याला 'उभा चढ' या अर्थाचेंच नांव पडलें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन सैन्यानें या टेकडीच्या माथ्यावर छावणी घातली आणि त्याच शतकाच्या अखेरीच्या सुमारास तेथें निवृत्त सैनिकांची वसाहत वसविली. 'लिंडम कोलोनिया' हें तिचें लॅटिन नांव; त्याचाच अपभ्रंश होऊन लिंकन हें नांव झालें. पुढें १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यांचा राजा विल्यम यानें १०६८ सालीं या टेकडीवर किल्ला बांधविला आणि १०७२ सालीं रेमिजियस नांवाच्या बिशपानें आपलें धर्मपीठ थेम्सकांठच्या डॉर्चेस्टर गांवाहून उचलून येथें आणिलें. किल्ला आणि कॅथीड्रल, म्हणजे राजसत्ता आणि धर्मसत्ता, एकाच टेकडीवर समोरासमोर उभ्या राहिल्या.

या बिशपाचा धर्मप्रांत लहानसहान नव्हता. उत्तरेस हंबरच्या खाडीपासून दक्षिणेस थेम्स नदीपर्यंत तो पसरलेला होता. ११०९ सालीं ईली येथें निराळें पीठ स्थापन होऊन कांहीं मुलूख कमी झाला, तरीहि आठ उपप्रांत लिंकनकडे राहिले. ऑक्सफर्डहि त्यांपैकींच एक. बिशप हा केवळ उपासना चालविणारा पुरोहित नव्हता. विवाह, मृत्युपत्र, पाद्र्यांचे गुन्हे इत्यादि बाबतींत तो न्यायाधीश होता, मोठा जमीनदार होता, राजाचा सल्लागार होता. अशा पुरुषाचा वाडा म्हणजे घर, कचेरी, न्यायमंदिर आणि अतिथिगृह हीं सर्व एकत्र.

या वाड्यासाठीं जागा मिळाली ती बाराव्या शतकाच्या मध्यास. रॉबर्ट चेस्नी हा ११४८ पासून ११६६ पर्यंत लिंकनचा बिशप होता. राजा दुसरा हेन्री यानें त्याला कॅथीड्रलच्या दक्षिणेस, टेकडीच्या उतारावरील जमीन दिली आणि जुन्या रोमन तटाला भोंक पाडून दरवाजा काढण्याची मुभाहि दिली. जेथें हजार वर्षांपूर्वीं शिपायांनीं पहारे केले, तो तट फोडून धर्माधिकारी आपल्या घरीं जाऊं येऊं लागले. जागा उताराची असल्यामुळें टप्प्याटप्प्यानें सपाटी करावी लागली, आणि वरच्या दिवाणखान्यांना आधार म्हणून खालीं दगडी कमानींचीं तळघरें बांधावीं लागलीं. पूर्वेकडील दिवाणखान्याखालचें असलें एक तळघर आजहि शाबूत आहे.

आतां या वाड्याशीं ज्याचें नांव कायमचें जोडलें गेलें त्या पुरुषाकडे वळूं. ११८५ सालीं भूकंप होऊन लिंकनचें कॅथीड्रल दुभंगलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे ११८६ सालीं, ह्यू नांवाचा एक फ्रेंच संन्यासी बिशप होऊन आला. हा कार्थूझियन पंथाचा. मौन, एकांत आणि उपवास यांत आयुष्य घालविणारा तो पंथ होय. त्यानें ११९२ पासून कॅथीड्रल नव्यानें बांधावयास आरंभ केला. तो स्वतः खांद्यावरून दगड व चुना वाहत असे, असें त्याचे चरित्रकार सांगतात. वाड्यांतील पश्चिमेचा मोठा दिवाणखाना बांधण्याचा उपक्रमहि त्याचाच.

स्वतः कोठडींत राहण्याची संवय झालेल्या या विरक्त पुरुषानें भव्य दिवाणखाना कां बांधावयास घेतला, असा प्रश्न येथें उभा राहतो. उत्तर त्याच्या वर्तनांत सांपडतें. दिवाणखाना त्याच्यासाठीं नव्हताच. तो येणाऱ्या जाणाऱ्यांसाठीं होता. ११९० सालीं इंग्लंडांत यहुदी लोकांवर दंगे झाले, तेव्हां लिंकनमध्यें हा बिशप दंगेखोरांच्या जमावापुढें निःशस्त्र उभा राहिला व त्यानें यहुद्यांचें रक्षण केलें. ११९७ सालीं राजा पहिला रिचर्ड यानें फ्रान्समधील लढाईसाठीं सरदारांकडून व बिशपांकडून शिपाई मागितले. तेव्हां माझ्या पीठावर परदेशांतील चाकरीचें ओझें नाहीं, असें सांगून ह्यूनें ती मागणी स्पष्टपणें नाकारली. रिचर्ड संतापला खरा, परंतु पुढें प्रत्यक्ष भेटींत त्या राजाचाहि राग ह्यूनें आपल्या निर्भय सरळपणानें शांत केला. १२०० सालच्या नोव्हेंबरांत ह्यू लंडन येथें वारला. त्याचें शव लिंकनला आणण्यांत आलें, तेव्हां इंग्लंडचा राजा जॉन व स्कॉटलंडचा राजा विल्यम हे दोघेहि शहरांत होते. राजा जॉननें स्वतः तिरडीला खांदा दिला. पण मला याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्या दिवशीं लिंकनचे यहुदीहि रडत अंत्ययात्रेंत सामील झाले होते. १२२० सालीं पोपनें ह्यूला संत म्हणून जाहीर केलें.

ह्यूनें आरंभिलेला पश्चिमेचा दिवाणखाना पुरा केला तो त्याच नांवाच्या दुसऱ्या बिशपानें, वेल्स येथील ह्यूनें. हा १२०९ पासून १२३५ पर्यंत बिशप होता. राजा जॉन आणि पोप यांच्या भांडणांत यास कांहीं वर्षें देशाबाहेर काढावीं लागलीं. १२१३ सालीं तो परतला. १२१५ सालच्या प्रसिद्ध 'मॅग्ना कार्टा' सनदेच्या आरंभीं राजाच्या सल्लागारांचीं जीं नांवें आहेत, त्यांत याचेंहि नांव आहे. त्या सालच्या ज्या चार प्रती आज उरल्या आहेत त्यांपैकीं एक लिंकनचीच असून ती तेथील किल्ल्यांत ठेविलेली आहे. इंग्लंडांतील बिशपांचीं जीं दप्तरें आज उपलब्ध आहेत, त्यांतील सर्वांत जुनीं याच ह्यूच्या कारकीर्दींतील होत. कोणत्या गांवीं कोण पाद्री नेमला, त्याला उत्पन्न किती, याची नोंद ठेवणें त्यानें सुरू केलें. वाड्याच्या भिंती पडल्या, पण दप्तर राहिलें, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांचें भाग्य होय.

हा दिवाणखाना चार खणांचा होता. दोहों बाजूंस खांबांच्या रांगा असून त्या खांबांसाठीं दूर दक्षिणेकडील पर्बेक येथील काळसर चकचकीत दगड आणिला होता. दक्षिणेच्या टोंकास उतार एकदम खालीं जातो, म्हणून स्वयंपाकघर थोडें अलग ठेवून मध्यें कमानीवर पुलासारखा मार्ग बांधला होता. यामुळें आगीचें भय कमी होई. त्या मार्गानें अन्नाचीं ताटें दिवाणखान्यांत येत. पूर्वेचा दिवाणखाना बिशपाच्या खाजगी राहणीचा, आणि पश्चिमेचा सर्वांचा, अशी साधारण वांटणी होती. आपल्याकडील जुन्या वाड्यांत बाहेरची सदर व आंतील माजघर असावें, तसाच हा प्रकार समजावा.

या सदरेचें महत्त्व ज्यानें शब्दांत सांगितलें तो पुरुष पुढच्याच बिशपाच्या रूपानें तेथें आला. रॉबर्ट ग्रोसटेस्ट हा गरीब कुळांतला, परंतु आपल्या काळचा मोठा विद्वान. प्रकाश आणि इंद्रधनुष्य यांवर त्यानें ग्रंथ लिहिले. १२३५ पासून १२५३ पर्यंत तो लिंकनचा बिशप होता. आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं पोपनें आपल्या पुतण्याला लिंकनच्या कॅथीड्रलांत जागा देण्याचा हुकूम पाठविला, तेव्हां या वृद्धानें तो मानण्यास नकार दिला. याच ग्रोसटेस्टनें लिंकनच्या एका विधवा सरदारणीसाठीं घरकारभाराचे नियम लिहून दिले आहेत. त्यांत एक नियम असा आहे कीं, घराच्या धन्यानें शक्य तोंवर खोलींत दडून जेवूं नये. दिवाणखान्यांत सर्व माणसांसमक्ष बसून जेवावें, कारण त्यांत धन्याचें हित आहे आणि मानहि आहे. वरवर पाहतां हा नियम जेवणाचा आहे. पण विचार केला तर तो राज्यकारभाराचा आहे. जो लोकांना दिसतो, त्याला लोकहि दिसतात. पाटावर कोण उपाशी बसला, कोणाला वाढलें गेलें नाहीं, कोणाच्या मनांत गाऱ्हाणें आहे, हें समोर बसणाऱ्यासच कळतें.

ग्रोसटेस्ट वारल्यावर दोनच वर्षांनीं, म्हणजे १२५५ सालीं, याच शहरांत एक भयंकर प्रकार घडला. ह्यू नांवाच्या एका लहान मुलाचें प्रेत विहिरींत सांपडलें आणि यहुद्यांनीं धर्मविधीसाठीं त्याचा बळी घेतला, अशी कंडी उठली. त्या वेळच्या बिशपाचा भाऊ जॉन लेक्सिंग्टन हा राजाचा अधिकारी होता. त्यानें कोपिन नांवाच्या यहुद्याकडून अभयाच्या आमिषानें कबुलीजबाब काढला. राजा तिसरा हेन्री यानें तें अभय मोडून कोपिनला ठार मारविलें, आणि पुढें लंडनमध्यें आणखी अठरा यहुदी फांशीं गेले. आरोप निव्वळ खोटा होता, ही गोष्ट आज कॅथीड्रलांतच फलक लावून कबूल करण्यांत आली आहे. श्रोतेहो, ११९० सालीं ज्या पीठाचा धनी जमावापुढें उभा राहिला होता, त्या पीठाकडून १२५५ सालीं तसें कोणी उभें राहिलें नाहीं. दिवाणखाना तोच होता, खांब तेच होते. मात्र त्या दाराशीं आलेल्या भयग्रस्तांना पूर्वीचा आसरा राहिला नव्हता. १२९० सालीं तर सर्व यहुद्यांना इंग्लंडांतून हांकून देण्यांत आलें.

पुढील शतकांत वाडा अधिक भक्कम व अधिक बंदिस्त होत गेला. १३२९ सालीं बिशप बर्घर्श यानें राजा तिसरा एडवर्ड याजकडून वाड्याच्या भिंतींवर किल्ल्यासारखे चऱ्ये व जंग्या बांधण्याचा परवाना मिळविला. धर्मगुरूच्या घराला तटबंदी कां लागावी, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. याच काळांत कॅथीड्रलाचें वैभवहि शिगेला पोंचलें होतें. १३११ सालीं त्याच्या मधल्या मनोऱ्यावर एवढा उंच कळस चढला कीं, जगांतील सर्वांत उंच इमारत म्हणून त्याची ख्याति झाली. १५४८ सालीं तो वादळांत कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाहीं.

पंधराव्या शतकांत, १४३६ पासून १४४९ पर्यंत, विल्यम ॲल्निक हा बिशप होता. त्यानें वाड्याचा प्रवेश-मनोरा व नवें प्रार्थनामंदिर बांधलें. हा मनोरा अद्याप उभा असून ॲल्निकच्याच नांवानें ओळखला जातो. त्याचें काम सुबक आहे. परंतु या बांधकामाचा झोंक नीट पाहिला तर असें दिसतें कीं, मोठ्या दिवाणखान्याचें महत्त्व उतरत चाललें असून सुखसोयींच्या खाजगी खोल्यांचें वाढत आहे. हा दोष एकट्या ॲल्निकचा नव्हे. साऱ्या इंग्लंडांतील बडे लोक त्या काळीं दिवाणखाना सोडून खोल्यांत जेवूं लागले होते. शिवाय लिंकनच्या बिशपांना स्टो, नेटलहॅम, स्लीफर्ड, बकडन अशा अनेक ठिकाणीं वाडे होते. हळूहळू दक्षिणेकडील, लंडनच्या वाटेवरचें बकडन हेंच त्यांना अधिक आवडूं लागलें. ग्रोसटेस्टचा नियम पुस्तकांत राहिला, आणि धनी खोलींत गेला.

याचा परिणाम १५३६ सालीं दिसला. राजा आठवा हेन्री यानें मठ खालसा करण्यास आरंभ केला, तेव्हां लिंकनशायरमध्यें लोकांनीं बंड पुकारलें. राजावर राग होताच. पण पहिला बळी गेला तो बिशपाच्या कारभाऱ्याचा. हॉर्नकॅसल गांवीं जमावानें त्याला घोड्यावरून ओढून काठ्यांनीं ठार मारिलें. त्या वेळचा बिशप लाँगलंड हा राजाचा पापनिवेदन ऐकणारा गुरु होता आणि लोकांच्या दृष्टीनें तो राजाचाच माणूस होता. साडेतीनशें वर्षांपूर्वीं ज्या पीठाच्या धन्यासाठीं परधर्मी लोक रडले, त्याच पीठाच्या अधिकाऱ्यावर स्वधर्मी लोकांनीं काठ्या उगारल्या. हा फरक माझ्या मतें साऱ्या कथेचें मर्म आहे.

बंड मोडलें. १५४१ सालच्या ऑगस्टांत राजा हेन्री आपली तरुण राणी कॅथरीन हॉवर्ड हिला घेऊन लिंकनला आला व त्यानें या वाड्यांत मुक्काम केला. त्याच मुक्कामांत राणी रात्रीं मागच्या दारानें कल्पेपर नांवाच्या दरबाऱ्यास भेटली, ही गोष्ट पुढें चौकशींत बाहेर आली, आणि १५४२ च्या फेब्रुवारींत तिचा शिरच्छेद झाला. लोकांसाठीं खुल्या ठेविलेल्या या घराची आठवण आतां उरली ती मागच्या दाराच्या एका करुण कथेची. त्याच सुमारास, १५४१ व १५४२ सालीं, पीटरबरो व ऑक्सफर्ड येथें निराळीं पीठें निर्माण होऊन लिंकनचा धर्मप्रांत पुष्कळच आखडला. मुलूख गेला, उत्पन्न घटलें, बिशप दुसरीकडे राहूं लागले. वाडा अशा रीतीनें शांततेच्या काळांतच रिकामा झाला.

यानंतर शेवटचा घाव. सतराव्या शतकांत राजा व पार्लमेंट यांच्यामध्यें यादवी युद्ध पेटलें. १६४४ सालच्या मे महिन्यांत पार्लमेंटच्या फौजेनें लिंकन हल्ला करून घेतलें. १६४६ सालीं बिशपांचीं पदेंच रद्द करण्यांत आलीं. १६४८ सालीं राजपक्षाच्या एका तुकडीनें शहरावर अकस्मात् धाड घातली, तेव्हां या वाड्यांत पार्लमेंटचे मूठभर शिपाई होते. लढाई होऊन वाडा लुटला गेला व जळाला. मौज अशी कीं, बिशपांच्या शत्रूंनीं जो जाळला नव्हता, तो बिशपांचे कैवारी म्हणविणाऱ्यांच्या हातून जळाला. १६६० सालीं राजा परत आला, बिशपहि परत आले. पण नव्या बिशपानें दुरुस्त केला तो बकडनचा वाडा. लिंकनचा तसाच राहिला. ज्या घरावाचून कोणाचें अडत नाहीं, त्याची दुरुस्ती कोण करणार?

अठराव्या शतकांत कॅथीड्रलाच्या डागडुजीसाठीं या पडक्या वाड्याचे दगड काढून नेण्यांत आले. ही गोष्ट ऐकून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तींत एक समाधान वाटतें. बिशपाच्या घराचे दगड देवाच्या घराला लागले; स्वतः खांद्यावरून दगड वाहणाऱ्या ह्यूला याचें वाईट वाटलें नसतें.

एकोणिसाव्या शतकांत या वाड्याचे दिवस थोडे पालटले. १८८५ सालीं एडवर्ड किंग हा बिशप झाला. त्याचे पूर्वाधिकारी शहराबाहेर कांहीं मैलांवर राइझहोम येथें राहत असत. किंगनें तें सोडून जुन्या अवशेषांच्या शेजारींच घर बांधविलें, कारण शहरांतल्या लोकांमध्यें राहावें, अशी त्याची इच्छा होती. लिंकनच्या तुरुंगांत फांशीची शिक्षा झालेल्या कैद्यांजवळ जाऊन बसणारा बिशप म्हणून तो लोकांच्या स्मरणांत राहिला. मोठ्या दिवाणखान्याला छप्पर नव्हतें. पण त्या दिवाणखान्यामागील विचाराला पुन्हा एकदां माणूस मिळाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आज हे अवशेष इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखरेखीखालीं आहेत. उताराच्या एका टप्प्यावर १९७२ सालीं द्राक्षांचे वेल लावण्यांत आले. जर्मनींतील नॉयस्टाट या शहरानें ते लिंकनला मैत्रीची भेट म्हणून दिले होते. जीं दोन राष्ट्रें एकाच शतकांत दोन वेळां परस्परांशीं महायुद्धांत लढलीं, त्यांच्या समेटाचे वेल एका पडक्या वाड्याच्या आश्रयानें वाढावेत, हा योग मोठा हृद्य आहे.

तर श्रोतेहो, हा वाडा कोणी पाडला? १६४८ सालच्या शिपायांनीं, असें उत्तर परीक्षेंत लिहिलें तर गुण मिळतील. पण ज्या दिवशीं सदरेवरचें पान उचलून आंतल्या खोलींत नेलें गेलें, त्या दिवशीं पहिला दगड निखळला, असें मला वाटतें. शिपायांनीं जाळलें तें रिकामें घर. अधिकाराचीं घरें सर्व देशांत आहेत व सर्व काळांत राहणार. तीं शत्रूच्या तोफांनीं क्वचित् पडतात. बहुधा आंतून, न कळत, सोयीसोयीनें पडतात. लोकांपुढें बसून जेवण्याचा तो म्हाताऱ्या बिशपाचा साधा नियम ज्या घरांत पाळला जाईल, त्या घराच्या भिंती उद्यां पडल्या तरी त्याच्या धन्याला खांदा देण्यास माणसें मिळतील.